बांधलेला पाय

आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी रघू भोईरांची होती. माजिवड्याहून बाळकुमकडे वळलं की डाव्या हाताला भातशेती आणि पुढे खाडीपर्यंत मिठागरं, असं ते सांगायचे तेव्हा आम्ही पार्किंगकडे बघून माना डोलवायचो. जमीन गेली, त्या बदल्यात मुलाला आमच्याच इमारतीत फ्लॅट मिळाले, ते त्याने भाड्याने दिले. रघुआजा मात्र कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या जुन्या घरातच राहिले. कारण त्यांच्याकडे माणसं यायची ती त्या घराच्या ओटीवर. "मुरगळलेला पाय घेऊन लिफ्टनं वर कोन यनार?" असं ते म्हणायचे.

ते लचक, मुरगळ, उसण काढायचे आणि पाय-हात बांधायचे. हे काम त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. मिठागराच्या ओल्या बांधांवर घसरणं रोजचंच, आणि तेव्हा ठाण्याला डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस मोडायचा. वडील बांधायचे, शेजारी बसून रघू बघायचा. पुढे मिठागरं बंद झाली, पण पडणारी माणसं काही कमी झाली नाहीत. क्रिकेट खेळणारी पोरं, बाथरूममध्ये घसरलेल्या म्हाताऱ्या, सोसायटीतले ट्रेकला जाऊन आलेले इंजिनियर. माझाही घोटा त्यांनी एकदा बांधला होता. आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप, त्यावर कापूस, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी, आणि गरज वाटली तर बांबूच्या कामट्या. पैसे घेत नसत. घोटा दोन्ही हातांत धरून ते डोळे मिटत आणि बोटं हळूहळू फिरवत. मला त्या वेळी वाटलं होतं की हा माणूस कातडीच्या आत बघतोय.

वर्तकनगरच्या हौसाबाईंनाही तसंच वाटलं असणार. त्या मूळच्या कोरेगावकडच्या. नवरा कंपनीत कामाला म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मनगट मोडलं होतं तेव्हा रघुआजांनी बांधलं आणि ते पहिल्यासारखं झालं. तेव्हापासून त्यांच्या घरात कोणाला काही लागलं की बाळकुमला, हे ठरलेलं.

म्हणूनच त्यांचा मुलगा सुदेश माजिवड्याच्या पुलाखाली पडला तेव्हा हॉस्पिटलऐवजी रघुआजांच्या ओटीवर आला. सुदेश पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करतो, दिवसभर बाइकवर असतो. त्या सकाळी एका टेम्पोने त्याला घासलं, बाइक आडवी झाली आणि त्याचा उजवा पाय बाइक आणि दुभाजक यांच्यामध्ये दाबला गेला. लोकांनी बाइक उचलली. तो उठून उभा राहिला, चार पावलं चाललाही. रक्त फारसं नव्हतं. आईला फोन केला, आई म्हणाली, "आधी आजांकडं जा."

रघुआजांनी नडगीवरून बोटं फिरवली. हाड जागेवर आहे, मांसाला मार बसलाय, असं त्यांनी सांगितलं. हाडाला बारीक चीर होती, ती बोटांना कळण्यासारखी नव्हती. त्यांनी लेप लावला, दोन्ही बाजूंना कामट्या ठेवल्या आणि पट्टी ओढून घट्ट बांधली. घट्ट बांधलं की सूज चढत नाही, ही त्यांची वडिलांपासूनची समजूत.

दुपारी वर्तकनगरहून फोन आला. सुदेश म्हणाला, "आजा, लय दुखतंय. सोडू का पट्टी?"

"दुखनारच. मार काय थोडा हाय? सोडू नको. उद्या मी बघतंय."

थोड्या वेळाने हौसाबाईंचा फोन आला. पोराला गोळी दिली, तरी तो तळमळतोय. रघुआजांनी सांगितलं, पाय उशीवर उंच ठेवा. फोन ठेवता ठेवता त्यांची नात समृद्धी कॉलेजातून घरात शिरली. समृद्धी शीळफाट्याच्या पुढे एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. पायातल्या चपला काढत तिने विचारलं, कोणाचं काय दुखतंय. आजांनी सांगितलं. ती एक चप्पल पायात तशीच ठेवून उभी राहिली.

"गोळी देऊन पण वाढतंय?"

"हां."

तिने आजांच्या हातातला फोन घेतला आणि परत लावला. सुदेशला स्पीकरवर घ्यायला लावलं. "काकी, त्याच्या पायाची बोटं हाताने हळूच खाली वाकवा. खाली, तळव्याकडे." पलीकडून सुदेश ओरडला, तो आवाज ओटीवर बसलेल्या आजांच्या बायकोला, बायजाआजीलाही ऐकू गेला. "सुदेशदादा, अंगठ्याच्या आणि बाजूच्या बोटाच्या मधे हात लावला तर कळतंय का?"

"मुंग्या येतायत फक्त. हात लावलेला कळत नाय गं."

"पट्टी कापा. आत्ता. आणि पाय उशीवरून खाली घ्या. मी येतेय."

रघुआजांना हे लागलं. "मी बांधलेला पाय तू कापाला सांगतंस? सगल्या गावानं ऐकला तं?"

"आजा, नंतर ओरड मला. आत्ता चल."

दोघं रिक्षाने वर्तकनगरला गेले. हौसाबाईंना पट्टी कापायचं धाडस झालं नव्हतं, आजांनी बांधलेली म्हणून. रघुआजांनी स्वतः कात्री घेतली आणि पट्टी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापली. कामट्या बाजूला केल्या. आता आराम पडेल असं त्यांना वाटलं होतं. पण सुदेशचं कण्हणं थांबलं नाही. नडगीच्या बाहेरच्या अंगाची कातडी ताणून चकाकत होती. त्यांनी तिथे तळहात ठेवला. पुढे मला त्यांनी सांगितलं, "लाकूड, रे. फळी. इतकी वरसा मांसाला हात लावतंय, असा मांस माज्या हाताला कदी लागलाच नव्हता." हात काढून घेऊन ते हौसाबाईंना एवढंच म्हणाले, "याला उचला. इथं माजा काम नाय."

हॉस्पिटलात सर्जनने पाय बघितला आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. आत नेण्याआधी त्याने हौसाबाईंना घाईतच समजावलं. पायातलं मांस असं मोकळं नसतं, त्याच्यावर घट्ट आवरणं असतात, पांढरी, चिवट, न ताणणारी. मार बसला की आतलं मांस सुजतं. आवरण काही सैल होत नाही. मग आतल्या आत दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं आणि मांस मरायला लागतं. आता ती आवरणं लांब चिरून मोकळी करायची. आणखी उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता.

हौसाबाईंनी विचारलं, "बांधल्यामुळं झालं का हे?"

सर्जन सरळ माणूस होता. म्हणाला, "न बांधताही झालं असतं कदाचित. मार तसाच आहे. पण बांधल्याने दाब वाढला, आणि वेळ गेला."

यातलं पहिलं वाक्य हौसाबाईंनी ऐकलं नाही आणि रघुआजांनीही. बाकड्याच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला ते, मधे समृद्धी. दिवेलागणीला सुदेशला बाहेर आणलं. पाय वाचला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब जखमा उघड्याच ठेवल्या होत्या. सूज उतरेपर्यंत शिवता येत नाही म्हणाले. हौसाबाई उठल्या आणि रघुआजांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या भरवशावर धाडलं व्हतं मी त्याला."

 

त्यानंतर रघुआजा रोज हॉस्पिटलात जात. हौसाबाई त्यांच्याकडे बघत नसत, ते दाराशी उभे राहत. एकदा ड्रेसिंगच्या वेळी नर्सने पडदा पुरता ओढला नव्हता, तेव्हा त्यांना जखम दिसली. आतलं लाल मांस आणि कापलेल्या आवरणाची पांढरट कड. घरी येऊन ते जेवले नाहीत. बायजाआजीने ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला कामट्यांचा अख्खा जुडगा चुलीजवळ सरपणात सापडला. तिने तो उचलून परत माळ्यावर टाकला. "वैतागून जालाचा नसतो," ती मला म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या हातच्या तासल्यात त्या."

माणसं यायची थांबली नाहीत. गावात कोणी म्हणे, अपघात झाला, त्यात तुझा काय दोष. कोणी म्हणे, डॉक्टर लोक असंच बोलतात, कापायला मिळालं की बरं. या दुसऱ्या बोलण्याचा रघुआजांना जास्त राग यायचा. एक भाचा गुडघा घेऊन आला, त्याला त्यांनी ओटीवर चढू दिलं नाही. "एक्स-रे काढ जा." भाचा रुसून गेला आणि आजांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला नाही.

सुदेशच्या मांडीची कातडी काढून जखमांवर लावली आणि त्याला घरी सोडलं. पाऊल वर उचलत नव्हतं, लोंबतं राहायचं. प्लास्टिकचा आधार घालून तो घरातल्या घरात चालायचा. रघुआजा एका सकाळी वर्तकनगरला गेले. हौसाबाईंनी दार उघडलं, आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते आत जाऊन उभ्यानेच बोलले.

"सुदेश, तू फोन केलास तवा मी सोड बोललो असतो तं एवरा झाला नसता. चूक माजी हाय. मी सांगाला आलोय."

सुदेश टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला, पण मान वळवली नाही. "ठीक आहे आजा," तो म्हणाला. ते ठीक नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. पाणी न पिता रघुआजा परतले.

त्यानंतर बरेच दिवस ते समृद्धीला प्रश्न विचारत राहिले. ते पांढरं आवरण कुठून कुठपर्यंत असतं? सगळ्यांना असतं का? हाताला का लागत नाही? ती पुस्तकातली चित्रं दाखवायची, ते चष्मा लावून बघायचे आणि पुस्तक बाजूला ठेवायचे. शेवटी तिने आपल्या अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना, निशा मॅडमना, सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, शनिवारी लेक्चर संपल्यावर घेऊन ये.

त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून गेले. हॉलमध्ये औषधाचा उग्र वास होता. टेबलावर एका माणसाचा पाय होता, मांडीपासून खाली. देहदान केलेल्या कोणा वृद्धाचा. रघुआजांनी आधी हात जोडले. मग किती तरी वेळ नुसतं बघितलं.

निशा मॅडमनी हातमोजे घालून चिमट्याने वरचा एक पातळ पडदा उचलला. "हे पाहा. हे संपूर्ण स्नायूचं आवरण. हा स्नायू एक, हा त्याच्या शेजारचा दुसरा, दोघांना आपापलं. आणि अशा चार-पाच स्नायूंचा मिळून एक कप्पा, त्याच्यावर हे जाड." त्यांनी ते जाड आवरण ओढून दाखवलं. ते ताणलं गेलं नाही. "तुमच्या पेशंटला जे कापावं लागलं ते हे."

मग त्यांनी स्नायू जिथे आडवा कापला होता ती बाजू समोर केली. आत तंतूंच्या बारीक बारीक जुड्या दिसत होत्या, प्रत्येक जुडीभोवती आणखी एक पापुद्रा. "आणि जुडीतल्या एकेका तंतूभोवती अजून एक असतो. तो असा दिसत नाही." सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी लावून त्यांनी रघुआजांना वाकायला सांगितलं. त्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. समृद्धीने मागून डोकं धरून नीट बसवलं, तेव्हा गुलाबी ठिपके आणि त्यांच्यामधल्या फिकट रेषा दिसल्या.

"एवऱ्या सगल्या कापडाची गरज काय, बाय?" त्यांनी विचारलं.

निशा मॅडमना प्रश्न आवडला असावा. त्या स्टूल ओढून बसल्या. "एकट्या तंतूत फार ताकद नसते. तो आखडला की त्याच्याभोवतीचा पापुद्रा ती ओढ घेतो, जुडीच्या पापुद्र्याला देतो, जुडीचा मोठ्या आवरणाला. आणि ही सगळी आवरणं पुढे एकत्र येऊन त्यांची ही दोरी होते." त्यांनी घोट्याजवळच्या पांढऱ्या दोरीला बोट लावलं. "हिच्यामुळे हाड हलतं. रक्तवाहिन्या, नसा आत जातात त्या पण याच पापुद्र्यांमधून. हे नसतं तर मांस नुसतं मांस असतं. आणि हे पापुद्रे एकमेकांवरून सरकत राहावे लागतात. चिकटून बसले की हालचाल गेली."

रघुआजांनी विचारलं, "हात लावू?"

मॅडमनी त्यांना मोजे दिले. त्यांनी बोटं ठेवली, सवयीने डोळे मिटले आणि लगेच उघडले. परत येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. समृद्धीला वाटलं, डुलकी लागली. मग ते म्हणाले, "बापानं बोटांनी जेवरा दिसतं तेवराच शिकवला. बरा शिकवला. पन मी समजलो, तेवराच असतंय."

सुदेशच्या पायाचं काम अडलं होतं ते नेमकं मॅडम म्हणाल्या त्याच ठिकाणी. लावलेली कातडी खालच्या मांसाला चिकटली होती. पाऊल वर घ्यायला गेलं की व्रण आत खेचला जायचा आणि तिथेच अडायचं. त्याच्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, शिवाय व्रण रोज दोनदा तेल लावून हलक्या हाताने सरकवायला सांगितलं. हौसाबाईंच्या मनगटात आता तेवढा जोर नव्हता, आणि व्रणाकडे त्यांना बघवत नसे. सुदेश स्वतः करायचा, पण घाईने, अर्धवट. समृद्धी त्याला बघायला जायची, तिनेच एक दिवस म्हटलं, "आजाला सांगू?"

हौसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांचं नाव काढू नगंस."

काही आठवडे तसेच गेले. मग सुदेशनेच फोन केला. आजा, समृद्धी काय म्हणते ते कराल का? रघुआजा नाही म्हणाले. त्यांना भीती वाटत होती, आणि त्यांनी ती लपवली नाही. मला म्हणाले, "या हातांनी परत त्याच पायाला?" बायजाआजी बाजूला सुकी मासळी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मंग दुसरं हात आन. हायत कुठं?"

ते आधी त्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती त्यांच्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने स्वतः करून दाखवलं आणि मग त्यांच्याकडून करून घेतलं. पहिल्या दिवशी तिने त्यांना तीनदा थांबवलं. "आजोबा, जोर नको. चोळायचं नाहीये. कातडी आणि खालचं मांस, यांच्यामधे जागा करायची आहे. बोट घासू नका, बोट ठेवा आणि कातडीसकट सरकवा." आयुष्यभर ते ओढून, दाबून, बसवून काम करत आले होते. हलका हात त्यांना पुन्हा शिकावा लागला. घरी ते स्वतःच्या पोटरीवर सराव करताना मी पाहिलंय.

मग रोज सकाळी ते रिक्षाने वर्तकनगरला जाऊ लागले. खाली सतरंजीवर बसायचे, सुदेश खुर्चीवर बसून पाय त्यांच्या मांडीवर ठेवायचा.  सुदेश मोबाइल बघायचा. आजा दर थोड्या वेळाने विचारायचे, "दुखतंय?" तो नाही म्हणाला तरी ते त्याच्या तोंडाकडे बघून खात्री करत. एकदा तो हो म्हणाला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात असे उचलले की सुदेशला हसू आलं. "अरे आजा, एवढं नाय. थोडंसं. करा तुम्ही."

हौसाबाई आतच असायच्या. एक दिवस त्या चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, तो सतरंजीजवळ ठेवला आणि सुदेशलाच उद्देशून म्हणाल्या, "गार व्हतोय म्हणावं." रघुआजांचे हात तेलकट होते. त्यांनी ते धोतराला पुसले आणि चहा प्याले.

व्रण हळूहळू सैल झाला, सगळीकडे नाही. खालच्या टोकाला अजून रुतलेला आहे. पाऊल आता वर येतं, पण डाव्याएवढं नाही. सुदेश पुन्हा कामाला जातो. बाइक चालवतो, जिना चढताना उजवी चप्पल किंचित घासते. ती तशीच राहील असं सर्जनने त्याला सांगितलंय. रघुआजांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

ओटीवर माणसं आता पुन्हा येतात. आजा पट्टी बांधत नाहीत. बोटं हलतात का, हात लावलेला कळतो का, बोट ताणलं तर कळ उठते का, एवढं ते बघतात, आणि बहुतेकांना तिथूनच रिक्षात बसवून हॉस्पिटलला पाठवतात. याचा काहींना राग येतो. परवा एक बाई म्हणाली, एवढ्यासाठी तुमच्याकडे कशाला यायचं मग? रघुआजा म्हणाले, "नका येऊ, बाय. सरळ तिकडंच जा." आणि सरकून त्यांनी तिला बसायला जागा दिली.